पहिल्या धारेचा परीक्षक : गार्सिया द ओर्ता

गेल्या चैत्रात पेडण्याला जाण्याचा योग आला. तेथे माझा एक शिष्य राहतो. पाडव्यानंतरच्या शनिवारी त्याच्या घरी गाण्याची लहानशी बैठक झाली. मंडळी पांगल्यावर ओसरीवर आम्ही चौघेच उरलो, तेव्हा शिष्याच्या काकांनी आतून दोन बाटल्या आणून पाटावर ठेवल्या. काकांची सारी उमर जहाजावर गेलेली. एक बाटली त्यांनी स्कॉटलंडातून आणलेली, दुसरी त्यांच्याच गावच्या भट्टीवरची. या दुसरीला ना चिठ्ठी ना नाव. बुचाभोवती नुसते फडके गुंडाळलेले.

विलायती बाटलीबरोबर मात्र एक छापील कागद होता. मद्य पिंपात कोणत्या साली भरले, कोणत्या साली काढले, पिंपाचा क्रमांक काय, बाटल्या किती निघाल्या, हे सारे त्यावर नोंदलेले. खाली वास, चव आणि मागे रेंगाळणारी गोडी यांचे रकाने, आणि शेवटी शंभरपैकी गुण लिहिण्यासाठी मोकळी जागा.

हे 'सिंगल कास्क' प्रकरण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना नवे असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मोड आणलेल्या जवापासून एकाच भट्टीवर, तांब्याच्या भांड्यात गाळलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे ती ओक लाकडाच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरली पाहिजे. नावाजलेली दहाबारा वर्षे आणि त्याहूनही अधिक मुरते. साधारणपणे अशी कितीतरी पिंपे एकत्र करून चव सारखी राखतात. परंतु एखादे पिंप असे निघते की ते दुसऱ्यांत मिसळायला मालकाचा हात धजत नाही. मग ते एकटेच बाटल्यांत भरतात. पिंपाच्या आकाराप्रमाणे दोनतीनशे बाटल्या निघतात आणि त्या संपल्या की ती चव संपली. शेजारचे पिंप त्याच दिवशी, त्याच भट्टीवरचे भरलेले असले तरी तसे उतरत नाही. आम्हा गाणाऱ्यांना यात नवल वाटू नये. एका बैठकीतला यमन दुसऱ्या बैठकीत कोणाला सापडला आहे?

काकांनी मला दोन्ही बाटल्यांना गुण द्यायला सांगितले. मी संगीताच्या परीक्षा घेतो, तेव्हा गुण देण्याचा मला सराव आहे, असे त्यांचे म्हणणे. मी दोन्हींचे दोन दोन घोट घेतले. त्याहून अधिक घेण्याची मला सवय नाही. विलायतीत आधी जुन्या लाकडी पेटीचा वास आला, मग मनुकांचा, आणि थेंबभर पाणी घातल्यावर किंचित धुराचा. फेणीला वासासाठी पेला नाकाशी न्यावा लागत नाही, ती ओसरीवर आल्याबरोबर सर्वांना कळते. पिकून फुटलेल्या बोंडूंचा तो उग्र वास प्रथम अंगावर आला, पण घोट उतरल्यावर जिभेवर एक कडसर गोडी कितीतरी वेळ राहिली. एवढे मी सांगितले. आकडा मात्र सांगवेना. विद्यार्थ्याच्या गाण्याला बहात्तर गुण का आणि त्र्याहत्तर का नाहीत, हे मी इतकी वर्षे गुण देत आलो तरी मलाच सांगता येत नाही.

माझे वडील कोल्हापूर दरबारच्या पदरी गवई होते. नेमणूक झाली तेव्हा त्यांना धड मिसरूड फुटले नव्हते, आणि थोड्याच वर्षांत, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. मला शिकविताना ते एक गोष्ट आवर्जून करीत. घरी कोणी गायला आले की मला आतल्या खोलीत बसवीत आणि दार लोटून घेत. गाणारा कोण, कोणत्या घराण्याचा, त्याचा फेटा केवढा, हे कळण्याआधी त्याचा षड्ज माझ्या कानी पडावा, असा त्यांचा हट्ट. पुढे वाचनात आले की एडिंबरोजवळ लीथ येथे १९८३ साली स्थापन झालेली स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी आपल्या बाटल्यांवर भट्टीचे नावच छापत नाही, नुसते आकडे छापते. पहिला आकडा भट्टीचा, दुसरा पिंपाचा. नावाने जीभ फितूर होऊ नये हाच हेतू. वडिलांना हे ऐकून आनंद झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला डोंगरउतारावरील भट्टीवर घेऊन गेले. काजूच्या दिवसांत पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत असा वास नाही अशी वाट सापडणे कठीण. बोंडू तुडविण्याची दगडी कोळंबी, रस उकळणारे मातीचे किंवा तांब्याचे भाण, आणि वाफ ज्यात निवते ती लावणी. सारा संसार एवढाच. पहिल्यांदा गाळले की हुर्राक, आणि ती पुन्हा रसाबरोबर गाळली की फेणी. जुन्या पद्धतीत तीनदा गाळीत आणि मधल्या पायरीला काजुलो म्हणत. भट्टीवरच्या म्हाताऱ्याने चिंधीचा एक कोपरा ताज्या फेणीत बुडविला आणि निखाऱ्याशी नेला. निळी ज्योत उठली. माल उतरला याची त्याची एवढीच परीक्षा.

ही चिंधी मी पूर्वी पाहिली होती, पुस्तकात. आणि ते पुस्तक साडेचारशे वर्षांहून जुने आहे. ज्याने ते लिहिले त्या गार्सिया द ओर्ताविषयी लिहावे हे त्या भट्टीवरच मनात आले.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास, पोर्तुगालच्या स्पेनलगतच्या सरहद्दीवरील कास्तेलु द व्हिदे या गावी झाला. आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालविले, तेव्हा हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आली. पाच वर्षांनी, १४९७ साली, तेथल्या राजानेही त्यांना सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. कागदोपत्री ते ख्रिस्ती होते, परंतु शेजाऱ्यांच्या मनातला संशय कधी फिटला नाही. या घरात मुलगा जन्मला तेव्हाच त्याच्या आयुष्याला दोन दालने पडली, एक दिवाणखाना आणि एक आतली खोली.

मुलगा बुद्धीने तल्लख निघाला. सालामांका आणि अल्काला या स्पेनच्या विद्यापीठांत त्याने वैद्यक शिकले, १५२३ च्या सुमारास तो गावी परतला, काही वर्षे तेथे वैद्यकी केली आणि मग लिस्बनला गेला. तेथे राजाचा वैद्य आणि विद्यापीठात अध्यापक अशी दोन्ही मानाची पदे त्याला मिळाली. चाळिशीही न गाठलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे असते? पण १५३४ च्या मार्चमध्ये तो मार्तीं आफोंसु द सोझा या आरमारी सेनापतीचा वैद्य म्हणून गलबतावर चढला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. औषधी वनस्पती त्यांच्या जन्मभूमीत जाऊन पाहण्याची त्याला ओढ होती, हे खरेच. पण दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालात इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षणसभा सुरू झाली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. वारा कुठून येणार हे नव्या ख्रिस्त्यांना इतरांआधी कळत असे.

पहिली काही वर्षे सोझाबरोबर दीव आणि काठेवाडच्या मोहिमांत गेली. गुजरातच्या सुलतान बहादुरशहाविषयी त्याने नोंदलेली एक हकीकत मोठी मजेची आहे. सुलतानाने सोझाला सांगितले होते की, रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्थानात जावेसे वाटले की आपण थोडी भांग खातो. दरबारी करमणुकीची गोष्ट म्हणून दुसऱ्या कोणी ती लिहून सोडून दिली असती. ओर्ताने तिच्यापुढे लगेच भांगेचे झाड कसे, पाला कसा घेतात, गुण कोणते आणि अवगुण कोणते, हे लिहून ठेवले.

पुढे तो गोव्यात कायमचा राहिला. आजचे जुने गोवे त्या वेळी पूर्वेकडील मोठ्या बाजारपेठांपैकी एक होते. अरब, फारसी, गुजराती, मलबारी आणि चिनी माल तेथे उतरे. ओर्ता व्हाइसरॉयांपासून तो सामान्य रोग्यांपर्यंत सर्वांची वैद्यकी करी, शिवाय रत्नांचा आणि औषधींचा व्यापारही करी. घरामागे त्याची बाग होती. ब्रियांदा द सोलीस या नात्यातल्या मुलीशी त्याचे लग्न झाले आणि दोन मुली झाल्या. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मुंबई बेट त्याला खंडाने दिले. ज्या बेटावर आज माणसाला उभे राहायला जागा नाही, ते एका वैद्याच्या नावावर होते! तेथील त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई, याचे त्याला कोण कौतुक. मुंबईच्या उत्पन्नाविषयी त्याने फारसे लिहिले नाही, पण त्या आंब्याविषयी लिहिले. या एका गोष्टीवरून माणूस ओळखावा.

आपल्या मुलुखाशी त्याचा संबंध अहमदनगरामुळे आला. बुऱ्हाण निजामशहा पहिला याच्या दरबारी तो अनेकदा वैद्य म्हणून गेला. शहाने त्याला कायम राहण्याचा पुष्कळ आग्रह केला, पण ओर्ताने मानला नाही. दोघांची मैत्री मात्र जमली. शहाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवावी आणि ओर्ताने शहाला लॅटिन, असा त्यांचा व्यवहार होता. मी दरबारी गवयाचा मुलगा असल्यामुळे मला हे चित्र फार जवळचे वाटते. दरबारात ज्याला विद्या येते तो बक्षिसाची वाट पाहत उभा राहतो; येथे राजाच शिष्य होऊन बसला आहे आणि लगेच गुरूही होतो आहे.

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातील योहान्नेस द एंदेम याच्या छापखान्यात त्याचे पुस्तक छापून झाले. हिंदुस्थानातील वनस्पती, औषधे आणि फळे यांविषयीचे संवाद, असा त्याचा विषय. छापखाना गोव्यात येऊन सातच वर्षे झाली होती, आणि छपाईत इतक्या चुका राहिल्या की शुद्धिपत्रालाच पानेच्या पाने लागली. लुईश द कामोंइश हा पोर्तुगालचा महाकवी त्या वेळी गोव्यात होता. त्याची पहिली छापील कविता याच पुस्तकात आली.

पुस्तकाची रचना पाहून शिकविणाऱ्या माणसाला हसू येईल. सालामांकाहून नुकताच आलेला रुआनु नावाचा एक पंडित ओर्ताच्या घरी उतरतो. त्याला ग्रीक आणि अरब ग्रंथ मुखोद्गत आहेत. जिऱ्यामिऱ्यांविषयी प्रश्न विचारताना तो प्रत्येक वेळी एखाद्या जुन्या आचार्याचे नाव पुढे करतो, आणि ओर्ता त्याला बागेत किंवा बाजारात नेऊन वस्तूच दाखवितो. मोलकरीण आंतोनिया फळ आणून देते, कधी मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन बसतो. रुआनु खरा माणूस नव्हताच. तो ओर्ताचाच तरुणपणीचा अर्धा भाग होता, असे मला वाटते. ग्रंथ पाठ असलेला माणूस आणि जीभ लावून पाहणारा माणूस यांचे भांडण त्याने कागदावर उतरविले. स्पेनात असतो तर ग्रीकांविरुद्ध बोलण्याची आपली छाती झाली नसती, असेही तो मोकळेपणाने सांगतो.

त्याचे सारेच निर्णय बरोबर होते असे नाही. आपल्या वैद्यांकडून त्याने कितीतरी औषधे घेतली, पण त्यांना शरीराची रचना कळत नाही असे म्हणून त्यांच्या शास्त्राची बोळवण केली. यात पढिकाचा तोरा आहे. मात्र नावे टिपण्यात त्याची बरोबरी नाही. पटकीचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात गाजलेले आहे. तिला येथील लोक काय म्हणतात तेही तो देतो, आणि पोर्तुगीज लिपीच्या आडून आपली 'मोडशी' डोके वर काढते. नारळाच्या प्रकरणात झाडाला तो 'मारु' म्हणतो. तो आपला माडच. फळाचे 'नारेल' कोणीही ओळखील.

आणि याच प्रकरणात ती चिंधी आहे. काही माड फळासाठी राखतात आणि काहींची पोय छेदून 'सूर' काढतात, हे सांगून तो सुरेच्या वाटा सांगतो. उन्हात ठेवली तर तिची शिरका होते, आटविली तर गूळ होतो, आणि चुलीवर चढवून गाळली तर दारू होते. तिच्यात भिजविलेले फडके पेट घेते. सर्वांत आधी जी उत्तम धार उतरते तिला 'फुला' म्हणतात, म्हणजे फूल. मागाहून जी राहते ती 'ओर्राका', आणि तिच्यात पहिलीतली थोडी मिसळून ती विकायला काढतात. चारपाच वाक्यांचाच हा मजकूर आहे. पण त्यात दारू पारखण्याची सगळी कला आलेली आहे.

ओर्राका हा अरबी 'अरक' शब्दाचा, म्हणजे आपल्या अर्काचा पोर्तुगीज अवतार. पेडण्याची हुर्राक ही त्याचीच भाचरी. ओर्ताच्या पुस्तकात काजू मात्र नाही. ब्राझीलचे ते झाड त्याच्या नजरेत भरण्याइतके तेव्हा येथे पसरले नव्हते. १५७८ साली छापलेल्या क्रिस्तोव्हाँव द कोस्ताच्या ग्रंथात ते कोचीनच्या बागांत दिसते. पुढे त्या झाडाने गोव्याचे डोंगर भरून टाकले, माडाच्या भट्टीची सारी रीत उचलली आणि तिचे नावही घेतले. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते या दत्तक लेकराला. मूळ घराणे माडाचे, हे विसरू नये.

'फुला'कडे पुन्हा येतो. दारू गाळताना भाणातून जे उतरते ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखे नसते. आधीचे तीव्र, मधले गोलसर, शेवटचे पाणचट आणि वासाला ओशट. कुठे तोडायचे हे ज्याला कळते तो कारागीर. आपल्याकडे कुठलाही अस्सल माल पहिल्या धारेचा म्हणतात ते उगाच नव्हे. स्कॉटलंडातही हेच. तेथील भट्टीवाल्यासमोर पितळी चौकटीची, काचेची, कुलूपबंद पेटी असते. धार त्या पेटीतून वाहते, त्याला ती चाखता येत नाही. तिच्यात पाणी मिसळले की ती गढुळते का, हे पाहून आणि काटा वाचून तो आरंभीचा आणि अखेरचा भाग बाजूला काढतो आणि मधला भागच पिंपात जाऊ देतो. तेथल्या सरकारी जमाखर्चात १४९४ साली जॉन कॉर नावाच्या साधूला आक्वा व्हिटे, म्हणजे जीवनजल, गाळण्यासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे. व्हिस्कीचा सर्वांत जुना दाखला म्हणून ती मिरविली जाते. ओर्ताचे पुस्तक तिच्याहून एकोणसत्तर वर्षांनीच धाकटे, आणि त्या नोंदीत नुसता हिशेब आहे, परीक्षा नाही.

इंग्रजांचीही जुनी कसोटी ज्योतीचीच होती. बंदुकीची पूड मद्यात भिजवून पेटवीत, आणि पेटली तर माल पक्का. त्यांच्या 'प्रूफ' या मापाचा उगम असा सांगतात. मराठीत बंदुकीत घालतात तीही दारू आणि पेल्यात ओततात तीही दारू, तेव्हा आपल्याला हे निराळे शिकवायला नको!

ओर्ताने या दारूला गुण दिलेले नाहीत. कोणत्याही वस्तूला दिलेले नाहीत. ती कुठे उगवते, कोण कशी काढतो, चांगली कशी ओळखावी, भेसळ कोणती, आणि आपण स्वतः पाहिले ते काय व ऐकले ते काय, एवढे तो सांगतो. पाहिलेले आणि ऐकलेले यांची तो सरमिसळ करीत नाही, हे मला त्याचे सर्वांत मोठे गुण वाटतात. आज गोव्यातच, कुंकळ्ळीला, सिंगल माल्ट होते. तेथल्या पॉल जॉन या व्हिस्कीचे एकेकट्या पिंपाचे मद्य २०१२ साली लंडनच्या बाजारात गेले. गोव्याच्या उकाड्यात पिंपातले मद्य स्कॉटलंडच्या कितीतरी पटींनी भरभर उडून जाते, त्यामुळे ते लवकर मुरते. त्याला किती गुण मिळाले याचीच चर्चा अधिक झाली. या उकाड्याने लाकडात काय घडते हे रुआनुने ओर्ताला विचारले असते, आणि मग आणखी एक प्रकरण वाढले असते. असो.

आता त्या आतल्या खोलीकडे वळले पाहिजे. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली आली. ओर्ताचे पुस्तक निघाले तिच्या तिसऱ्या वर्षी, त्याच शहरात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच लिहिले आहे की हा ग्रंथ येथील इन्क्विझिटर आलेशु दियाश फाल्कांव यांनी पाहिला आहे. माणसाने आयुष्यभर साठविलेले ज्ञान छापायचे, आणि ते आधी त्याच्या हाती द्यायचे की ज्याला आपल्या घरात काय चालते हे कळले तर आपली राख होईल! पुस्तकभर ओर्ता चांगला ख्रिस्ती म्हणून बोलतो. ग्रीक आचार्यांना तोंडावर खोटे ठरविणारा हा माणूस स्वतःविषयी एक अक्षर बोलला नाही. मला यात त्याचा भ्याडपणा दिसत नाही. त्याची आई आणि बहिणी पोर्तुगालात छळ सोसून १५४९ च्या सुमारास त्याच्याच आश्रयाला गोव्यात आल्या होत्या. तो बोलला असता तर एकटा मेला नसता.

१५६८ साली तो वारला. व्हाइसरॉयांचा आणि सुलतानांचा वैद्य म्हणून, पोर्तुगीज सरदारांच्या ओळखीच्या छत्राखाली, बिछान्यावर. छत्र गेल्याबरोबर वादळ घरात शिरले. बहीण कातारीना पकडली गेली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात तिला यहुदी म्हणून जिवंत जाळले. नातलगांच्या जबान्यांत त्याचेही नाव आले की, तोही मनातून मोझेसचाच धर्म खरा मानीत असे आणि शनिवार पाळीत असे. या जबान्या छळाखाली घेतलेल्या. पण त्या खऱ्या असाव्यात असे मला वाटते, आणि खऱ्या असल्याने त्याचे मोल माझ्या लेखी वाढतेच. मेलेल्या माणसावर खटला चालला. १५८० च्या डिसेंबरात, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्याची हाडे थडग्यातून उकरून चौकात जाळली.

पुस्तक मात्र निसटले होते. कार्लुस क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याची एक प्रत १५६४ साली लिस्बनमध्ये मिळाली. त्याने संवाद काढून टाकून लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि तो १५६७ साली अँटवर्पला छापला. युरोपाने ओर्ताला तीनशे वर्षे वाचले ते असे, रुआनुवाचून, आंतोनियावाचून. फिकाल्यु नावाच्या पोर्तुगीज विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ ग्रंथ टीपांसह पुन्हा छापला आणि ओर्ताचे चरित्रही लिहिले, पण त्यालाही ही अखेर ठाऊक नव्हती. ती १९३४ साली, सिल्व्हा कार्व्हाल्यु याने इन्क्विझिशनची दप्तरे उलगडली तेव्हा उजेडात आली. १९७१ मध्ये पोर्तुगालने वीस एश्कुदुंच्या नोटेवर ओर्ताचे चित्र छापले. पणजीच्या मध्यभागी त्याच्या नावाची बाग आहे. संध्याकाळी तेथे मुले खेळतात.

परतताना मी डिचोलीची वाट धरली आणि नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला उतरलो. हा देव मूळचा नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा. १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिसवाडीतील देवळे पाडली, पुढे भक्तांनी देव अलीकडे नार्व्याला आणला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. डिचोली आणि पेडणे तेव्हा आदिलशाहीत होती. पोर्तुगीजांकडे ती आली अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे ओर्ता जुन्या गोव्यात पाल्याची चव घेत बसला होता त्याच वर्षांत ही माणसे देव वाचवून ही नदी ओलांडीत होती. दिवाडीच्या पलीकडच्या काठालाच जुने गोवे. फेरीबोटीच्या धक्क्यावर मी बराच वेळ उभा होतो. देव पाण्यापलीकडे नेता येतो. ओर्ताने जे मनात जपले होते ते त्याला कुठेच नेता आले नाही.

पेडण्याच्या काकांचा मध्ये फोन आला होता. त्या कागदावरची गुणांची जागा अजून मोकळीच आहे, म्हणतात. मी त्यांना नारळाचे प्रकरण मराठीत उतरवून पाठविले आहे. भट्टीवरच्या म्हाताऱ्याला त्यांनी ते वाचून दाखविले, तेव्हा त्याने एवढेच विचारले की त्या डॉक्टरने फडके सुती घेतले होते की तागाचे.